अठराव्या मजल्यावरून

"आजोबा, मोबाइल नव्हते तेव्हा तुम्ही न विचारता लोकांच्या घरी कसे जायचात?"

गुरगावच्या मेट्रोत तपासणीच्या रांगेत पुढचं जोडपं मराठी बोलतंय म्हटल्यावर मैत्रिणींनी शिवांगीला डिवचलं होतं, "हिंमत असेल तर विचार यार!"

"सरळ जायचो, बेटा. दिल्लीत आर. के. पुरमला माझा मित्र श्रीपाद आमच्या खालीच राहायचा. कुकरची शिट्टी ऐकून वर यायचा."

"आणि इथे गुरगावला आपल्याकडे आला तेव्हा?" आजींनी विचारलं.

"चंद्रप्रभा, पोरीसमोर नको."

"का नको? जयदीप मीटिंगमध्ये होता. सोसायटीच्या ॲपवर गेटवरच्या गार्डची विचारणा आली आणि आपल्या लेकाने नाव न बघताच नकार दाबला."

"त्याला काय बोलतेस? मी बाल्कनीतच होतो ना. गेटजवळ कोणी पिशवी घेऊन बसलंय, हे दिसत होतं मला."

"मग?" शिवांगीने विचारलं.

"मग काय! म्हटलं, डिलिव्हरीवाला असेल."

"तासभर बसले होते हो. गार्ड त्यांना म्हणाला, घरूनच मना केलंय. त्यावर कोण कशाला फोन करेल?"

"त्याच्या बायकोने, वीणावहिनींनी सांगितलं तेव्हा कळलं. तेही तो वारल्यावर."

"चला, रांग सरकली. त्यांच्या तेराव्याला तरी वेळेवर पोचू."

"पोचू. तिथे अजून कोणी अडवत नाही."

संध्याकाळी शिवांगीने दप्तरही न उतरवता जाहीर केलं, "आई, बाबा, आजपासून गेटची विचारणा माझ्या फोनवर येणार. आणि नकार द्यायच्या आधी मी खाली जाऊन माणूस बघून येणार. बिल्कुल वाद नको!"