हिमनगावरचा घाम

मे महिन्यात अकोल्याहून दर्यापूरला निघालेल्या बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर नणंद-भावजय बसल्या होत्या. नणंदेच्या मांडीवर माझी, फारशी न खपलेली कादंबरी होती. अशा वेळी लेखक खिडकीबाहेर पाहत नाही.

"काय हाय यात, रश्मी?"

"समुद्रात तरंगणारा बर्फ हाय, वयनी. त्याच्याखाली भयानक जनावरं. माणसाच्या अंगाची ऊब लागली का बर्फ फोडून वर येतात."

"भेव वाटते का?"

"काल दुपारी वाचता वाचता मले हुडहुडी भरली. कूलर बंद केला."

"अवं, तो बंदच होता. लाइट गेली होती."

"त्या जनावराईनं सारी माणसं खाल्ली. एकटा हिरो राहिला."

"तो काय करते?"

"दर पानावर कपाळाचा घाम पुसते."

"बर्फावर?"

"उणे चाळीसमंदी."

"लेखक अकोल्याचाच दिसते."

"मांगं फोटो हाय त्याचा. फोटोतही घामानं डबडबला हाय."

"मंग कायले वाचून राहिली? ठेव बाजूले."

"थांब न वयनी, जनावर त्याच्या पायाखालीच आलं हाय आता."

कपाळाकडे निघालेला रुमाल मी मुकाट्याने खिशात घातला.