खंडेनवमीचा आकडा

जयमाला : भावजी, चष्मा लावा आणि नीट बघा. मला एकटीलाच दिसतोय, की खरंच आकडा वाढलाय?

सोपानराव : वाढलाय वहिनी! अवो, सकाळी दोन-तीनाच्या पुढं सरकत नव्हता. आता मिनिटाला चाळीसच्या घरात! तेव्हा सयाजीला आला होता, तेवढाच की वो!

गोरक्ष : काय झालं मामा? पोरांना पेढे वाटत होतो, तुमचा आवाज ऐकून पळत आलो. शॉर्टबिर्ट झालं का काय?

सोपानराव : शॉर्ट न्हाई रं भाच्या, सोनं झालं सोनं! तुझ्या शेडचं नशीब उघडलं.

गोरक्ष : व्हय? मग आता तरी सांगा राव, त्या बरणीत काय शिजतंय. गणपतीच्या आधीपासनं माझ्या वर्कशॉपचा कोपरा अडवलाय. पोरं मला विचारत्यात, शेठ, म्हातारी माणसं लोणचं घालत्यात का?

जयमाला : सांगते. बरणीत जड पाणी आहे. साध्या पाण्याचाच वजनदार भाऊ समज. त्यात पॅलेडियम नावाच्या धातूची तार, आणि त्यातून सतत वीज सोडलेली. तुझ्या सयाजीकाकांचं, आमच्या ह्यांचं, म्हणणं होतं की सूर्याच्या पोटात अणू जुळतात, तसे ते या बरणीतही जुळतात. जुळले तर न्यूट्रॉन बाहेर पडणार, आणि हा शेजारचा काउंटर ते मोजणार.

गोरक्ष : म्हंजे सूर्य बरणीत! मग चाकणची लाइट गेली की ह्याच्यावर लेथ चालवू.

सोपानराव : हसू नगं. एकोणनव्वद साली सगळ्या जगाला हे येड लागलं होतं. आमी दोघं कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. मी पुनावळ्याहून सायकलीवर यायचो, कॅरियरला हरभऱ्याची जुडी लावून. सयाजी लॅबमध्ये बसून सगळा हरभरा फस्त करायचा आन टरफलं माझ्या खिशात भरायचा. काय दिवस होते राव! हिंजवडीला तेव्हा नुसती शेतं. त्या बांधावर बसून आमी ठरवलेलं, पुण्याला उजेड आपल्या बरणीतनं द्यायचा.

जयमाला : घरी मात्र बल्ब गेला तर तो मीच बदलायचा.

सोपानराव : हे बाकी खरं.

गोरक्ष : मग आला होता का उजेड?

सोपानराव : एकदाच. अशीच खंडेनवमी होती. मी दुपारी गावाकडं निघालो, दसऱ्याला घरी पाहिजे होतो. सयाजी लॅबमध्ये एकटा. बरणी बंद करता येत नव्हती, म्हणून राखणीला बसला. आन त्या संध्याकाळी आकडा चढला. दसरा होऊन कॉलेज उघडलं, तोवर उतरलाबी.

गोरक्ष : परत केला असंल की प्रयोग.

सोपानराव : कितीदा! तीच तार, तेच पाणी, तीच वीज. त्यानं केला, मी केला, बाहेरगावच्या लोकांनी केला. पुन्हा कुणालाच आला न्हाई. आन विज्ञानात जे दुसऱ्याला येत न्हाई, ते झालंच न्हाई म्हणत्यात.

जयमाला : लोक तेवढंच म्हणाले असते तरी चाललं असतं. एका परिषदेत एकजण भर सभेत उठून म्हणाला, हे आकडे घरी बसून लिहिलेले दिसतात. सगळे हसले. मी मागच्या रांगेत होते. ह्यांनी वर्ष सरायच्या आत कॉलेज सोडलं आणि जन्मभर शिकवण्या घेतल्या.

सोपानराव : म्हणून तर आज पेढे वाटायचे वहिनी! सयाजी पाहिजे होता आज.

जयमाला : पाहिजे होते. भावजी, तेजस्विनी म्हणते, आई, पिंपळे सौदागरचा फ्लॅट आवरू, तू माझ्याकडे हिंजवडीला ये, आणि माळ्यावरचं बाबांचं भंगार देऊन टाकू. मी तिला म्हटलं, एकदा लावून बघते, मग दे. मला न्यूट्रॉन नको होते हो. मला एवढंच कळायला हवं होतं की त्या संध्याकाळी ह्यांना खरंच काही दिसलं होतं, की…

सोपानराव : की काय? वहिनी, तुमालाबी शंका होती?

जयमाला : मी त्यांना कधी विचारलं नाही. एवढी वर्षं एका ताटात जेवलो, पण विचारलं नाही. त्यातच आलं सगळं.

सोपानराव : मग झालं की मनासारखं! बघा, चाळीस!

जयमाला : थांबा. ते काय म्हणायचे? आकडा चढला की आधी आनंद आवरायचा आणि काय बदललं ते शोधायचं. भावजी, बरणी उचला आणि पार रस्त्यापलीकडे नेऊन ठेवा.

सोपानराव : काय बोलताय? एवढ्या वर्षांनी हातात आलंय, आन मीच उचलून बाहेर नेऊ?

जयमाला : आकडा बरणीमुळे असेल, तर बरणी गेल्यावर उतरेल. उतरला की मी स्वतः पेढे वाटते.

सोपानराव : आन न्हाई उतरला तर?

जयमाला : तर तेही कळू दे. आता अर्धवट घेऊन नाही जायचं मला.

(सोपानराव तारा सोडवून बरणी उराशी धरून बाहेर जातात. काउंटरची टकटक तशीच चालू राहते.)

सोपानराव : ठेवली. उतरला?

जयमाला : नाही.

सोपानराव : जरासुदिक?

जयमाला : गोरक्ष, आम्ही जेवायला गेलो तेव्हा इथे काय काय केलंस?

गोरक्ष : काय न्हाई काकू. पूजा केली. खंडेनवमीला सगळ्या मशिनी बंद ठेवून पूजतो आमी. लेथ, ड्रिल, सगळं. सयाजीकाकांचं यंत्र तेवढं चालू होतं, पण त्याला एकट्याला कसं सोडायचं?

जयमाला : हार आणि हळद-कुंकू मघाशी दिसलं. बरं वाटलं मला. आणखी काय?

गोरक्ष : नारळ फोडला. पाणी सगळ्या मशिनींवर शिंपडलं. ह्याच्यावर जरा जास्तच. मानाचं यंत्र ना! चुकलं का माझं?

जयमाला : नाही रे बाळा. तुझा तो गरम हवेचा ब्लोअर आण. ही केबल बघ, डब्यात जाते तिथे ओल आहे. आत मोठा व्होल्टेज असतो. ओल आत शिरली की बारीक ठिणग्या पडतात, आणि काउंटरला तेच न्यूट्रॉन वाटतात. बंद कर बटण. हं, आता वाळव. नीट वाळू दे.

गोरक्ष : वाळलं. चालू करू? … मामा, दोन. आता तीन. परत दोन.

सोपानराव : वहिनी… सयाजीनंबी नारळ फोडला होता. मी निघायच्या आधी, माझ्यासमोर. यंत्राला चुकून पाय लागला तरी पाया पडणारा गडी तो. पाणी शिंपडून मला म्हणाला, सोपान, आज पावलं बघ.

जयमाला : आणि दसऱ्याच्या सुट्टीत ते वाळलं.

सोपानराव : तार किती, पाणी किती, वीज किती, सगळं लिहिलं आमी. नारळ कोण लिहितंय? आन पुढच्या खंडेनवमीला तो कॉलेजातच नव्हता. आरं देवा! म्हंजे काहीच नव्हतं. सूर्य न्हाई, काय न्हाई. साऱ्या जन्माची माती झाली गड्याच्या, एका नारळापायी.

जयमाला : काहीच नव्हतं कसं? चाळीस होते, भावजी. आत्ता तुम्ही पाहिले, मी पाहिले. त्यांना जे दिसलं, तेच त्यांनी लिहिलं.

सोपानराव : वहिनी, रडताय का हसताय?

जयमाला : मला तरी कुठे कळतंय? खोटं नाही बोलला हो माझा माणूस. चुकला, पण खोटं नाही बोलला.

गोरक्ष : काकू, बसा, पाणी देऊ का?

जयमाला : पाणी नको. त्या नारळाचं खोबरं आहे का रे?

गोरक्ष : हाय की. प्रसाद वाटायचा राहिलाय.

जयमाला : मग आण. आणि गूळ मिळतो का बघ जरा. ह्यांना नुसतं खोबरं चालत नाही.