तुर्गो कसा सुटला

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं समिधा! बोल, बोल बाळा… थांब हं, कीर्तन लागलंय टीव्हीवर, आवाज कमी करते… हां, बोल.

नाही गं, कामात कसली. पोळ्या झाल्यात, डबा भरून ठेवलाय. साडेअकराला रिक्षा येईल डायलिसिसला न्यायला… रिक्षा येईल. तुझे काका जातील का, ते आत्ता विचारू नकोस.

हो, तेच सांगते ना. तू आधी जवळ ये माझ्या. म्हणजे फोन कानाशी धर नीट आणि त्या स्टुडिओतून बाहेर ये. एक आख्यान सांगायचंय तुला. असं आख्यान तू कुठल्या देवळात ऐकलं नसशील. फक्त मध्येच उठायचं नाही. बुवांना आवडत नाही, आणि मलाही.

बसलीस?… जिन्यात? चालेल.

तर, तुझी ती मालिका. ‘सप्तसूर्य : तळमजला’… बघते म्हणजे काय, पाठ आहे मला. इंग्रजीवरून मराठी संवाद माझ्या भाचीने लिहिलेत, असं अख्ख्या बिल्डिंगला सांगितलंय. खालच्या पटेलबेनना पण. त्यांना मराठी कळत नाही, तरी बघितला बिचारीने एक भाग. म्हणाल्या, "बहुत अंधेरा है दीदी, उधर भी लाइट गया क्या?"

हसू नकोस, बरोबर बोलल्या त्या. ह्याचेच जुने तीन पिक्चर आठवतात तुला? मी आणि तुझी आई घेऊन गेलो होतो, तू चौथीत होतीस… हो, तेच. पांढरेशुभ्र कपडे, चकाचक विमानं. हजार गोळ्या सुटायच्या आणि एकाच्या सदऱ्याला भोक पडायचं नाही. कुणी जेवत नव्हतं. कुणाला साधी सर्दी नव्हती. आणि आता बघ. रांगा, फॉर्म, शिक्के, खबरे. राक्षस म्हणून कुणी नाहीच त्यात. एक साहेब आहे, तो चहा पितो, सही करतो, आणि खाली दोनशे माणसं गायब.

नाही, नाही… तक्रार नाहीये माझी. अगं ऐक ना. कीर्तनात काय सगळे हसतखेळत असतात? राजे वनवासाला जातात, सोन्यासारखी पोरं मरतात. रडून रडून पदर भिजतो माझा. पण बुवा आपल्याला तिथेच सोडून घरी जात नाहीत. आरतीपर्यंत हात धरून आणतात. तुझ्या मालिकेने मला पाचव्या भागात सोडलं ना, ते तिथेच.

तुर्गो. आणखी कोण?

छोटा रोल तुझ्यासाठी असेल! तळमजल्यावरच्या लोकांना पाणी सोडणारा म्हातारा, खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची ती एवढी मोठी चावी. आणि तुझे काका तीस वर्षं काय करत होते? गोडदेवपासून मोरव्यापर्यंत पाणी सोडायचं काम. चावीवाला. पहिल्या भागात तुर्गो आला, तेव्हा खाटेवर उठून बसले. म्हणाले, "पंचवीस वर्षं ती मानसं आभालात फिरतायत. पानी कोन सोडतो, ते आज दाखवलं."

बघणार कुठून? साखरेने डोळे गेले ना बरेचसे. मीच सांगते. शुक्रवारी भाग येतो, तो मी बघते आणि आठवडाभर पुरवते. मंगळ, गुरू, शनी, चार-चार तास. म्हणजे तुमच्या पन्नास मिनिटांचे मला बारा तास करावे लागतात… कसे म्हणजे? पूर्वरंग असतो, अभंग असतो, आवळा-सुपारीएवढं माझं पदरचं असतं.

हळू आवाजात गं. माझा हळू, तुला माहितीये. आठ खाटा आहेत, आठही ऐकतात. शेजारच्या गिरिजाबाई तर मशीन किंचाळलं तरी म्हणतात, थांबा, आधी त्याचं काय झालं ते कळू द्या. आणि तो सुया लावणारा शिवा, तो ध्रुपद धरतो… मी म्हणते "चावी फिरली", तो म्हणतो "पाणी आलं". नको ध्रुपद?

थांब, मी स्वयंपाकघरात येते. दार ओढून घेते.

आता जे सांगते ते तुझ्या आईला सांगायचं नाही. दोन-अडीच महिन्यांपूर्वी काका म्हणाले, पुरे आता. मला ओढत नेऊ नका. एक वारी चुकवली… फेरी गं, डायलिसिसची. मग दुसरी चुकवली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, असं चाललं तर पंधरा दिवस. जास्तीत जास्त.

…रडू नकोस. जिन्यात लोक बघतील.

तेव्हा लावली मी ही मालिका. तू सारखी सांगत होतीस, मावशी बघ, मावशी बघ. पहिला भाग सांगितला आणि शनिवारी हे आपले आपण चप्पल घालून उभे. तुर्गो पुढे काय करतो, ते ऐकायला. त्यानंतर एक दिवस चुकवला नाही. कळलं? आणि पाचव्या भागात तुम्ही त्याला गोळी घातलीत.

तू नाही घातलीस, मान्य. तू फक्त मराठीत घातलीस.

दहा सेकंद, समिधा. कुलूप लावलेल्या वस्तीचं पाणी सोडलं म्हणून शिपाई येतो, गोळी घालतो, आणि लगेच तो साहेब बिस्किट खातोय. संगीत नाही, हंबरडा नाही… वास्तव, हो. तसंच होतं खऱ्या आयुष्यात, मी कुठे नाही म्हणतेय? पण मला दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, वॉर्डात जायचं होतं.

मग काय? वाचवला मी त्याला.

हो. पळाला म्हणून सांगितलं. पाइपातून… हॅलो? हॅलो, आहेस ना?

सहाव्या भागात लपला. सातव्यात निरोप धाडला. आठव्यात मी त्याला दुसऱ्या चंद्रावरची टाकी उघडायला पाठवला, आणि तिथून परत कसा आणायचा ते मलाच सुचेना. तुमच्याकडे दहा-बारा लेखक बसतात म्हणे एका खोलीत. इथे मी एकटी, आणि कुकर लावायचा असतो.

नाही ना, कुणालाच शंका आली नाही. परवापर्यंत.

परवा गिरिजाबाईंची नात आली डबा घेऊन. चांदणी. कॉलेजात आहे. मी अगदी रंगात, तुर्गो टाकीवर चढतोय, शिवाने ध्रुपद धरलंय, आणि ही पोरगी म्हणते, "आजी, पण तुर्गो तर पाचव्या एपिसोडलाच ऑफ झाला."

ऑफ झाला. पंख्यासारखा.

काय होणार? शिवाच्या हातात कापसाचा बोळा तसाच. गिरिजाबाई म्हणाल्या, "चांदणी, बाहेर बस." मी ह्यांच्याकडे बघितलं. डोळे मिटलेले. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "मना म्हाईत हाय."

हो! मी पण अश्शीच ओरडले. म्हटलं, कधीपासून? म्हणाले, "तवाच. तिसऱ्या भागात तूच बोललीस, लाइन चार इंची हाय. चार इंची लाइनीतनं मानूस जात न्हाय, पुष्पा. उंदीर जातो. त्यो पन बारीक असला तर."

…हस, हस. तीस वर्षं चावी फिरवलेल्या माणसासमोर मी चार इंची पाइपातून धडधाकट म्हातारा काढला. मला वाटलं पाइप म्हणजे पाइप.

तेच विचारलं ना मी. मग इतके दिवस आलात कशाला? तर म्हणाले, "तू येवढी रंगून सांगत होतीस. मदीच कसा उठू?"

हं… नाही, काही नाही. डोळ्यात कांदा गेला. कापत नाहीये, पण गेला.

आता आजचं ऐक. सकाळपासून बाहेर खुर्चीत बसलेत, गंजीवर. शर्ट घालत नाहीत. म्हणतात, आता खोटं नको. तुर्गो कसा मेला ते नीट सांगशील तर येतो. नाहीतर तू जा, आणि माझ्या खाटेवर तू झोप.

अगं, मलाच ठाऊक नाही! गोळी सुटली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. दहातले सहा सेकंद गेले त्यात. पुन्हा लावून बघायची छाती होत नाही. तुला फोन करणारच होते, तेवढ्यात तुझा आला. तू लिहिलंयस, तुला शब्दन् शब्द माहीत असणार.

हो, सांग. थांब, बाहेर ह्यांच्याजवळ येते. स्पीकरवर… नको, स्पीकर नको, मीच सांगेन त्यांना. माझं काम आहे ते. हां.

शिपाई म्हणतो, चावी खाली ठेव… बरं. मग तुर्गो?… "दोन फेरे राहिलेत." एवढंच?… इंग्रजीत काय होतं?… "झालंच आहे जवळजवळ." मग फेरे तुला कुणी सांगितले?… काकांनी? कधी?… सायकलवर पुढे बसवून नेलं होतं तुला? मला बोलले नाहीत कधी… पडद्यावरच्या ओठांशी जुळले?… बरं, बरं.

मग गोळी. कुठे लागली?… पाठीत. म्हणजे तोंड चावीकडेच होतं. वळलाच नाही… आणि ते दोन फेरे?… एक. एक फिरवला… आणि दुसरा राहिला.

अहो, पाठीत लागली म्हणे. एक फेरा फिरवला, एक राहिला… काय?… विचारते. समिधा, काका विचारतायत, मग पाणी आलं की नाही?… दिसतं? कुठे?… साहेब बिस्किट खातो, त्याच्या मागच्या खिडकीत? पिंपं भरतायत? अगं, मी बघितलंच नाही! माझं सगळं लक्ष त्या मेल्याच्या बिस्किटावर.

अहो, आलं! आलं पाणी! खिडकीत दिसतं म्हणे, बायका पिंपं भरतायत… काय म्हणालात?… समिधा, हे म्हणतायत, येणारच. एक फेरा कमी असला तर वरच्यांना धार बारीक येते. खालच्यांना मिळतं.

हॅलो… आहे, आहे. जरा थांब. काहीतरी बोलतायत…

…

…

समिधा, आहेस? ऐक. हे आत्ता परशुरामचं बोलले.

तुला नाही माहीत, तुझ्या जन्माआधीचं. ह्यांच्याबरोबर चावीवाला होता, मोरव्याच्या बाजूला. साप चावून गेला, एवढंच मला ठाऊक. पुढचं ह्यांनी कधी तोंडातून काढलं नव्हतं. आत्ता म्हणतात, तो चावीच्या खड्ड्यात उतरला तेव्हा हे वर उभे होते. साप चावला, त्याला कळलं. ओरडला नाही. चावी पूर्ण फिरवली, मग वर आला आणि कट्ट्यावर बसला. हे म्हणाले, चल, उठ. तर म्हणाला, "जरा बसू दे."

…हो. तिथेच.

मोरव्यात त्या दिवशी सगळ्यांनी पाणी भरलं. कुणाला काही कळलं नाही. संध्याकाळी दुसरा माणूस आला चावी घ्यायला. हे म्हणतात, "मालिकावाल्यांनी बरोबर दाखवलंय. मरायला येवढाच येल लागतो."

मी त्याला भजनातला ओळखायची गं. टाळ नेहमी एक मात्रा उशिरा. बुवा डोळे वटारायचे, हा आपला हसायचा. आणि आम्ही बायका…

अहो, कुठे निघालात? भिंतीला हात लावून चाला!… शर्ट? खुंटीवर आहे, निळा! उजव्या हाताला!

समिधा, म्हणतात, तुर्गोचं तू तासाभरात आटप. उरलेले तीन तास माझे. परशुरामचं मी सांगतो… हो, हे सांगणार! वॉर्डात! लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर या माणसाने नुसतं "पुष्पलता" म्हणून घास भरवला होता.

ध्रुपद काय देतील, मला काय ठाऊक? आज कीर्तन त्यांचं आहे. मी मागे उभी राहीन, टाळ घेऊन.

बटणं खाली-वर लागलीत अहो… असू द्या, असू द्या… हॉर्न वाजला. आये भैया, दो मिनिट!

ठेवते आता… काय?… शेवटच्या भागात तुर्गोचं नाव घुसवू? नको गं. ओठ जुळायचे नाहीत, तुझी नोकरी जाईल. आहे तसं अंधारातलं राहू दे. खोटं सांगून बघितलं मी, निभत नाही. तू फक्त एक कर माझ्यासाठी. आज आरतीच्या वेळी, जिथे असशील तिथे, एकदा त्या परशुरामला आठव. त्याला मूलबाळ नव्हतं, कोण आठवणार… आडनाव? अहो, परशुरामचं आडनाव काय हो?… घरत. परशुराम घरत, मोरवा. लिहून घेतलंस?… दोनदा लिही.