ब्रिटाची एल्फ

मिलवॉकीच्या एका रुग्णालयात, ऑपरेशनच्या आधी बसवतात त्या खोलीत, माझ्या शेजारी सोळा वर्षांची ब्रिटा आणि तिचे वडील लाइल बसले होते. शनिवारी मित्रांसोबत प्रत्येकाने एकेक पात्र होऊन फासे टाकत खेळायच्या खेळात तिच्या जागी लाइल बसणार होते. तिच्या पात्राची, परीकथेतल्या टोकदार कानांच्या एल्फची, माहिती लिहिलेला कागद त्यांच्या मांडीवर होता.

“बाबा, ही सावलीतली एल्फ आहे. कमी बोलते. तू बडबड करू नकोस.”

“बरं. लढाई आली की हिला भिंतीआड ठेवतो.”

“मुळीच नाही. गुहेत सगळ्यांच्या आधी तीच शिरते.”

“दुसरं कुणी जाऊ दे की.”

“बाकीच्यांना अंधारात दिसत नाही. म्हणून तर मी हिला निवडलं.”

“आणि फासे वाईट पडले तर?”

“तर मरेल. तू मात्र तिथे रडत बसू नकोस.”

“शनिवारी तूच खेळ ना, ब्रिटा. बिछान्यावरून, फोनवर.”

“बघू. पण तू कागद नीट वाचून ठेव.”

नर्सने नाव पुकारलं. ब्रिटा उठली आणि मागे न बघता आत गेली. लाइल कागद उलटासुलटा करत राहिले. मग माझ्याकडे वळले.

“चार तास लागतील म्हणाले. तुम्हाला येतो का हो हा खेळ?”