डोंगराच्या राखणदाराला निरोप

सन्माननीय अध्यक्ष सरपंच श्रीमंतराव, व्यासपीठावरील वनखात्याचे साहेब, आजचे सत्कारमूर्ती वनरक्षक जैनुद्दीनभाई, आणि दुष्काळी कामावरून थेट इथे आलेल्या तिसगावच्या माताभगिनींनो व बंधूंनो,

मी शाळामास्तर. बोलण्याची सवय आहे, तरी आज सांभाळून घ्या.

दर रविवारी भाई आम्हाला डोंगरावर न्यायचे. मजुरी नाही, हजेरी नाही. पाणी अडवायला चर खणायचे, कडुनिंबाची रोपं लावायची, घरची भाकरी खायची. गेल्या उन्हाळ्यात तिथे वणवा लागला, हे आपण जाणता. त्या वेळी माझी पत्नी लंकाबाई वरच्या चराजवळ एकटीच होती, हे थोड्यांना ठाऊक असेल.

आम्ही पायथ्याशी पाणी भरत होतो. वारा फिरला, धुराने वाट झाकली. मी धावलो, तर भाईंनी दंड धरला. "गुरुजी, तुमी खालीच थांबा. दोघांना कुठं हुडकू?"

घोंगडी भिजवून ते वर गेले. मग नुसती हाक ऐकू येत होती, "वहिनी, पळू नका. चरात पालथ्या पडा." लंकाबाईचं उत्तर येईना. थोड्या वेळाने हाकही थांबली. अध्यक्षमहाराज, अशा वेळी माणसानं काय करावं? मी हंडा भरतच राहिलो. दुसरं काही सुचलंच नाही.

आग चरावरून पुढे सरकली, तेव्हा ओल्या घोंगडीखालून उठून राखेतून दोघं उतरली. भाईंचे हात भाजले होते. लंकाबाई म्हणाली, "रोपं गेली हो सारी."

"रोपं परत लावू. तुमी हाय, लई झालं," भाई म्हणाले.

लावलीही. पाऊस रुसला तरी हंड्यांनी पाणी नेऊन जगवली. आणि आता भाईंची बदली. गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला जातं, रविवारचे हात कमी झालेत. शेळ्या शिरल्या तर हटकणार कोण? पुन्हा आग लागली तर? हा घोर मला झोपू देत नाही.

काल लंकाबाईला विचारलं, "भाई गेल्यावर वर जायला भिशील का?"

"भिईन की. पन रोपांना पानी कोन घालील?"

भाई, माझं माणूस आपण परत आणलंत. त्याचे आभार शब्दांत मावत नाहीत. आयोजकांनी बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. काही उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला.

उद्या रविवार आहे. आम्ही दोघं हंडे घेऊन निघणार आहोत. कुणी सोबत आलं, तर धीर येईल.