कुंपणालगतचे रानगुलाब

पाय मुरगळला म्हणून व्हर्ना कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतातल्या एका छोट्या दवाखान्यात येऊन बसली होती. मागच्या बाकावर डारिया आणि तिचा धाकटा भाऊ ऑरेस्ट होते. आत त्यांच्या आईच्या उलट्या थांबत नव्हत्या.

"सकाळी काय खाल्लं रे तिनं?"

"पाव आणि तिचा तो रानगुलाबाचा मुरंबा."

"परवाच केला. कुंपणालगतच्या पाकळ्या आम्ही दोघींनीच खुडल्या."

"कुंपणालगतच्या? ताई, आदल्याच दिवशी मी तिथं फवारलं होतं."

"काय फवारलंस?"

"तणनाशक. नुसतं काट्यांचं रान झालंय. घर बघायला येणारे नाकं मुरडतात."

"घर विकायला काढलंस? अरे, आई जिवंत आहे अजून!"

"हळू बोल ना."

"फवारल्याचं तिला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर फवारू दिलं असतं तिनं? पोरांसारखी जपते ती झुडपं."

तेवढ्यात नर्स बाहेर आली.

"आजींच्या खाण्यात काही वेगळं आलं होतं का?"

"नाही," ऑरेस्ट म्हणाला. "नेहमीचंच. हो ना, ताई?"

डारियानं मान खाली घातली.

"हो. नेहमीचंच."

नर्स आत वळली. व्हर्ना बाकाला धरून उठली आणि लंगडत तिच्या मागोमाग गेली.

"सिस्टर, जरा थांबा."