अर्धी कॉइल

वायरमनचा कोर्स करणाऱ्या पोराशी कधी वाद घालू नये. चौऱ्याण्णव साली ते पोर मी होतो.

जोहे गावी काकाच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो, तर काका पकडीने शेगडीची कॉइल अर्धी कापत बसलेला. पावसाळ्यात मूर्तींवरचा रंग सुकत नाही, म्हणून काका-काकू मूर्तींशेजारी विजेची शेगडी लावायचे.

"अर्धी कॉइल, अर्धी वीज," काका म्हणाला.

मी खडूने भिंतीवर गणितच मांडलं. "सोपं म्हणून दोनशे व्होल्ट धरू, पाच अँपियर. भागलं की चाळीस ओहम, गुणलं की हजार वॅट. कॉइल अर्धी केली की वीस ओहम. मग दहा अँपियर, दोन हजार वॅट. वीज दुप्पट जाणार."

"तार कापल्यावर वीज वाढते व्हय? लाव पैज. हरेल त्याने आज सगळी माती मळायची."

शेगडी लावली. ती अशी लालभडक झाली की काका दोन पावलं मागे सरला. मी मातीच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

काकू मात्र मीटरखाली उभी होती. अर्ध्या तासाने म्हणाली, "काल अख्ख्या कॉइलवर एक फळीभर मूर्ती सुकायला तास लागला, मीटरचा एक आकडा फिरला. आज अर्ध्या तासात सुकली, तरी आकडा एकच फिरला. अर्धी नाय, दुप्पट पण नाय. दोघं पण हरलात."

"काकू, अगं वॅट वेगळं आणि युनिट..."

"माती तिकडे हाय."

संध्याकाळपर्यंत काका आणि मी शेजारी बसून माती मळत होतो. ओहमचा नियम मला येत होता, एवढाच काय तो फरक.